मॉर्गन कॉलेजातील दोन वर्षे : एक प्रशिक्षक, एक विज्ञानशिक्षक आणि रक्तपेढी

डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्रू यांची ओळख बहुधा 'रक्तपेढीचे जनक' अशी करून दिली जाते. त्यांचे कोणतेही छोटे चरित्र उघडले तर टप्पे ठरलेले दिसतात. १९०४ मध्ये वॉशिंग्टन येथे जन्म, १९२६ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजची पदवी, १९३३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी, १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९५० मध्ये मोटार अपघातात मृत्यू. या टप्प्यांच्या मध्ये एक ओळ असते : १९२६ ते १९२८, मॉर्गन कॉलेज, बाल्टिमोर, क्रीडा संचालक आणि जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे अध्यापक. बहुतेक लेखक या ओळीवर थांबत नाहीत. वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठवण्याची सोय, एवढाच तिचा अर्थ लावून ते पुढे जातात.

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि त्यातली बावीस वर्षे जिमखानाही सांभाळला. त्यामुळे ही ओळ मला ओलांडता आली नाही. ड्रू यांचे पुढचे काम जसजसे वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले की त्या कामाची जात शोध लावणाऱ्या वैज्ञानिकाची कमी आणि संघ बांधणाऱ्या प्रशिक्षकाची जास्त आहे. हेच या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी आधी त्यांच्या नावावर चुकून जमा झालेल्या काही गोष्टी बाजूला काढाव्या लागतील.

धावपटू

ड्रू यांचे वडील गालिचे बसवण्याचे काम करीत. आई शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली होती. पाच भावंडांत चार्ल्स थोरले. वॉशिंग्टनमधील डनबार हायस्कूल ही कृष्णवर्णीय मुलांसाठीची शाळा तेव्हा शिक्षणाच्या दर्जासाठी नावाजलेली होती. तिथे ते अभ्यासापेक्षा मैदानावर अधिक चमकले. खेळाच्याच शिष्यवृत्तीवर ते मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्टला गेले. तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके होते.

ॲमहर्स्टमध्ये ते अमेरिकी फुटबॉल खेळले आणि ॲथलेटिक्स संघाचे कर्णधार झाले. त्यांची खास शर्यत अडथळ्यांची, म्हणजे हर्डल्सची. त्या काळी ही शर्यत १२० यार्डांची असे. साडेतीन फूट उंचीचे दहा अडथळे, दोन अडथळ्यांमध्ये दहा यार्ड आणि त्या दहा यार्डांत नेमकी तीन पावले. मुले शिकवताना मला नेहमी जाणवले की या शर्यतीत नुसत्या वेगाला फारशी किंमत नाही. पहिल्या अडथळ्यावर चार बोटे फरक पडला की तिसऱ्यावर तो हातभर होतो आणि सहाव्यावर अडथळा पायाखाली येतो. एकच कृती दहा वेळा तंतोतंत तशीच करता येणे, हे या शर्यतीचे सारे शास्त्र आहे. ड्रू यांनी पुढे रक्ताच्या बाटल्यांबाबत जे केले, त्याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वैद्यकाकडे ते वळले त्यामागे तीन गोष्टी सांगितल्या जातात. १९२० मध्ये, इन्फ्लुएंझाची साथ चालू असताना, धाकटी बहीण एल्सी क्षयाने खंगलेल्या अवस्थेत गेली. पुढे फुटबॉलमधल्या दुखापतीने त्यांना स्वतःला रुग्णालयात राहावे लागले. आणि ॲमहर्स्टमध्ये ऑटो ग्लेझर या प्राध्यापकांनी त्यांना जीवशास्त्राची गोडी लावली. परंतु १९२६ मध्ये पदवी हातात पडली तेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे नव्हते. म्हणून नोकरी.

दोन खुर्च्यांवरचा माणूस

मॉर्गन कॉलेजची सुरुवात १८६७ मध्ये मेथडिस्ट पंथीयांनी कृष्णवर्णीय तरुणांना धर्मोपदेशक म्हणून तयार करण्यासाठी केली. १८९० मध्ये त्याला मॉर्गन हे नाव मिळाले आणि १९३९ मध्ये ते मेरीलँड राज्याने ताब्यात घेतले. ड्रू तिथे गेले तेव्हा ती एक लहान खासगी संस्था होती. अशा संस्थेत एकाच माणसाला दोन-दोन कामे देणे ही तेव्हाची रीतच होती आणि आजही ती फारशी बदललेली नाही. ड्रू वर्गात जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवीत, मैदानावर सगळ्या खेळांची जबाबदारी घेत. त्या दोन वर्षांत मॉर्गनच्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांचा खेळ ठळकपणे सुधारला. पुढे १९३० च्या दशकात एडवर्ड हर्ट या प्रशिक्षकाच्या हाताखाली मॉर्गनचा फुटबॉल संघ सलग ५४ सामने अपराजित राहिला. ते श्रेय ड्रू यांना देण्याचे कारण नाही. पण कृष्णवर्णीयांच्या लहान कॉलेजांत खेळाला किती गांभीर्याने घेतले जाई, हे त्यावरून कळते.

या दुहेरी नोकरीत माणूस काय शिकतो, हे अनुभवाने सांगू शकतो. पहिली गोष्ट म्हणजे, आहे त्या मुलांवर काम करायला शिकतो. मोठ्या संस्थेतला प्रशिक्षक खेळाडू निवडतो. लहान कॉलेजातला प्रशिक्षक खेळाडू घडवतो, कारण निवडायला कोणी नसतेच. दुसरी गोष्ट, तो वस्तूंचा हिशेब ठेवायला शिकतो. प्रयोगशाळेत सहा परीक्षानळ्यांत चाळीस विद्यार्थ्यांचे प्रात्यक्षिक बसवणे आणि दोन चेंडूंवर तीन संघांचा सराव घेणे, ही एकाच प्रकारची गणिते आहेत. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : स्वतः उत्तम करता येणे आणि दुसऱ्याकडून उत्तम करवून घेणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्याला रोज कळते. कृतीचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकडा नेमक्या शब्दांत सांगून, तो नेहमी तसाच होतो आहे ना हे पाहत राहणे, हे प्रशिक्षकाचे काम. प्रात्यक्षिकाच्या तासाला विज्ञानशिक्षक दुसरे काय करतो?

दोन वर्षांनी ड्रू यांनी वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज केले. वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठाने इंग्रजीचे पुरेसे गुणांक नाहीत म्हणून नकार दिला. हार्वर्डने प्रवेश दिला, पण एक वर्ष थांबायला सांगितले. मॉन्ट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात लगेच जागा मिळाली, म्हणून ते कॅनडाला गेले. पैशांची ओढाताण तिथेही होतीच. १९३३ मध्ये १३७ जणांच्या वर्गात ते दुसरे आले. तिथेच जॉन बीटी या तरुण ब्रिटिश अध्यापकाशी त्यांचा स्नेह जडला. बीटींना रक्तसंक्रमणाच्या प्रश्नांत रस होता आणि ते काही वर्षांनी इंग्लंडला परत गेले. या मैत्रीतून पुढे काय उभे राहिले ते यथावकाश येईल.

रक्त साठवण्याचा प्रश्न

येथे 'रक्तपेढीचे जनक' या बिरुदाचा विचार केला पाहिजे. लँडस्टायनर यांनी रक्तगट ओळखले ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी. सोडियम सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही, हे १९१४-१५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांनी दाखवले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी आघाडीजवळ रक्ताचे साठे ठेवले होते. १९३० च्या दशकात सोव्हिएत डॉक्टरांनी साठवलेले रक्त मोठ्या प्रमाणावर वापरले. आणि 'ब्लड बँक' हा शब्द शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयातील बर्नार्ड फँटस यांनी १९३७ मध्ये रूढ केला. तेव्हा रक्तपेढीची कल्पना ड्रू यांची नव्हे आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

त्यांचे काम त्यापुढच्या प्रश्नावर आहे. १९३८ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात आले आणि जॉन स्कडर यांच्याबरोबर काम करू लागले. प्रश्न असा होता : बाटलीत ठेवलेल्या रक्ताचे नेमके काय होते? तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या द्रवापेक्षा कित्येक पट जास्त असते. पेशी जिवंत आणि धडधाकट असेपर्यंत ते आत राहते. रक्त साठवून ठेवले की हळूहळू बाहेर झिरपू लागते. म्हणजे बाटलीतल्या द्रवात पोटॅशियम किती वाढले, यावरून पेशींची अवस्था कळते. हे मोजमाप हाताशी धरून त्यांनी एकेक गोष्ट तपासली. बाटलीचा आकार बदलला तर काय होते, तापमान किती असावे, गोठण थांबवणारे द्रव्य कोणते, वाहतुकीत बाटली हिंदकळली तर किती नुकसान होते. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तिथे प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली. तिच्या अनुभवावर ड्रू यांनी साठवलेल्या रक्तावरचा आपला प्रबंध लिहिला. त्यावर १९४० मध्ये मिळालेली डॉक्टरेट, ही कोलंबियात त्या विषयात कृष्णवर्णीय व्यक्तीला मिळालेली पहिली डॉक्टरेट होती.

या कामात एकही चमकदार शोध नाही. आहे ती विखुरलेली माहिती गोळा करणे, तपासणे आणि 'असे करा, असे करू नका' अशा क्रमवार सूचनांत मांडणे.

साडेचौदा हजार दाते

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि ब्रिटनवर बॉम्बहल्ले सुरू झाले. जखमींसाठी ब्रिटनला प्लाझ्मा हवा होता. प्लाझ्मा म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातला रक्तद्रव. रक्तातल्या पेशी वजा केल्या की उरतो तो पिवळसर भाग, रक्ताच्या निम्म्याहून थोडा अधिक. पूर्ण रक्त तेव्हा फार दिवस टिकत नसे. प्लाझ्मा बराच जास्त टिके. शिवाय अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला की त्यातली प्रतिद्रव्ये विरळ होतात आणि गट न जुळवता तो देता येतो. फार रक्त गेल्याने किंवा भाजल्याने माणूस 'शॉक'मध्ये जातो, तेव्हा रक्तवाहिन्यांतला द्रव भरून काढणे ही पहिली निकड असते. ते काम प्लाझ्मा करतो.

न्यूयॉर्कमध्ये 'ब्लड फॉर ब्रिटन' ही मोहीम ऑगस्टमध्ये सुरू झाली खरी, पण निरनिराळी रुग्णालये आपापल्या पद्धतीने रक्त घेत होती आणि काही साठ्यांत जंतू शिरले होते. दूषित प्लाझ्मा जखमी माणसाला देणे म्हणजे त्याला मारणेच. सप्टेंबरच्या अखेरीस ड्रू यांना हॉवर्डमधून बोलावून मोहिमेची वैद्यकीय सूत्रे देण्यात आली. त्याच सुमारास मॅकगिलचे जुने स्नेही बीटी यांनी इंग्लंडहून तार करून त्यांच्याकडे हजारो बाटल्या प्लाझ्माची मागणी केली होती.

ड्रू यांनी काय केले? सर्व केंद्रांसाठी एकच पद्धत ठरवली. दात्याची तपासणी कशी करायची, कातडी कशी स्वच्छ करायची, बाटली कशी बंद ठेवायची, प्लाझ्मा कोणी वेगळा काढायचा, हे सारे ठरवून दिले. हे काम फक्त त्यासाठी तयार केलेल्या माणसांनीच करावे असा दंडक घातला. प्रत्येक साठ्याची जंतूंसाठी पुन्हा पुन्हा तपासणी ठेवली. दहा अडथळे आणि मधली तीन पावले. जानेवारी १९४१ मध्ये मोहीम संपली तेव्हा सुमारे साडेचौदा हजार लोकांनी रक्त दिले होते आणि पाच हजार लिटरपेक्षा अधिक प्लाझ्माचे द्रावण समुद्रापार गेले होते. त्यानंतर रेडक्रॉसने न्यूयॉर्कमध्ये राष्ट्रीय योजनेची चाचणी म्हणून जी रक्तपेढी काढली, तिथेही ड्रू साहाय्यक संचालक होते. शीतकपाट बसवलेली गाडी दात्यांपर्यंत नेण्याची सोय त्यांच्याच काळातली. आपल्याकडे गणेशोत्सवात मांडवाशेजारी रक्तपेढीची गाडी उभी राहते, तिची ही पूर्वज.

बाटलीवरचे लेबल

यानंतरची गोष्ट अनेकदा अशी सांगतात : रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले आणि निषेध म्हणून ड्रू यांनी राजीनामा दिला. तारखा लावून पाहिल्या तर हे टिकत नाही. ड्रू एप्रिल १९४१ मध्ये हॉवर्डला परतले, ते तिथे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद मिळाले म्हणून. लष्कराच्या भूमिकेला धरून कृष्णवर्णीय दात्यांना वगळण्याचे धोरण त्याच वर्षाच्या अखेरीस चव्हाट्यावर आले. टीका झाल्यावर जानेवारी १९४२ मध्ये त्यांचे रक्त घेऊ, पण वेगळे ठेवू, असे ठरले. ड्रू यांनी याला जाहीर विरोध केला आणि या भेदाला विज्ञानाचा कसलाही आधार नाही हे वेळोवेळी सांगितले. ज्या माणसाने या योजनेचे नियम घालून दिले, त्याचे स्वतःचे रक्त त्या योजनेत वेगळ्या कप्प्यात गेले असते. रेडक्रॉसने ही विभागणी १९५० मध्ये थांबवली.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी त्याच देशात रक्ताच्या बाटलीला वंश चिकटवला जात होता. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर शिकले, तिथेच ड्रू यांनी रक्ताचा अभ्यास केला. मराठी वाचकाला ही विटाळाची भाषा ओळखीची आहे. आपल्या रक्तपेढीतल्या पिशवीवर गट लिहितात, जात लिहीत नाहीत. ही साधी गोष्ट आपोआप घडलेली नाही, एवढे तरी ड्रू यांची कहाणी शिकवते.

शरीरावरून माणसाची प्रतवारी लावण्याचा हा रोग मैदानावरही होता. ड्रू यांच्या एक वर्ष पुढे असलेले, डनबार आणि ॲमहर्स्ट दोन्हीकडचे सोबती मॉन्टेग्यू कॉब पुढे हॉवर्डमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. जेसी ओवेन्स बर्लिनला चार सुवर्णपदके जिंकले त्याच वर्षी, १९३६ मध्ये, कॉब यांनी मोजमापे मांडून दाखवले की कृष्णवर्णीय धावपटूंच्या यशाचे स्पष्टीकरण देणारी कोणतीही 'वांशिक' शरीररचना नाही. मित्रांपैकी एकाने पायांबद्दल जे सांगितले, तेच दुसऱ्याला रक्ताबद्दल सांगावे लागले.

पुन्हा प्रशिक्षक

हॉवर्डला परतल्यावर ड्रू यांनी रक्तावरचे संशोधन जवळजवळ सोडले. युद्ध चालू असताना, नाव झालेले असताना, असे का केले असेल? उत्तर अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणात आहे. १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर कृष्णवर्णीयांची बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये बंद पडली. हॉवर्ड आणि टेनेसीतील मेहॅरी अशी दोनच टिकली. पदवी मिळाली तरी शस्त्रक्रियेचे पुढचे प्रशिक्षण देणारी रुग्णालये कृष्णवर्णीय डॉक्टरांना दारात उभे करीत नसत. वॉशिंग्टनची वैद्यकीय संघटना त्यांना सभासद करून घेत नसे. ड्रू यांनाही ते सभासदत्व कधी मिळाले नाही.

म्हणून त्यांनी फ्रीडमेन्स रुग्णालयात शस्त्रक्रियेचे कठोर प्रशिक्षण सुरू केले. म्हणजे पुन्हा मॉर्गनचेच काम : निवडायला फारसा वाव नाही, साधने अपुरी, आहेत त्या मुलांना देशातल्या कोणाशीही स्पर्धा करता येईल असे तयार करायचे. १९४१ मध्येच ते अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीचे पहिले कृष्णवर्णीय परीक्षक झाले होते. १९४८ मध्ये त्यांच्या पहिल्या तुकडीतले निवासी डॉक्टर त्या बोर्डाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. १९४१ ते १९५० या काळात बोर्डाने मान्यता दिलेल्या कृष्णवर्णीय शल्यविशारदांपैकी निम्म्याहून अधिक ड्रू यांच्या हाताखालून गेलेले होते. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आकडा प्लाझ्माच्या लिटरांचा नसून हा आहे.

मृत्यू आणि दंतकथा

१ एप्रिल १९५० रोजी पहाटे ड्रू तीन सहकारी डॉक्टरांसह अलाबामातील टस्कीगी येथे चालले होते. तिथे दरवर्षी मोफत वैद्यकीय शिबिर भरे. आदल्या दिवशी काम करून ते रात्रीच निघाले होते. नॉर्थ कॅरोलिनात बर्लिंग्टनजवळ त्यांना स्टिअरिंगवरच डुलकी लागली आणि गाडी उलटली. जवळच्या रुग्णालयात गोऱ्या डॉक्टरांनी शक्य ते सर्व उपचार केले, पण जखमा फार मोठ्या होत्या. वय पंचेचाळीस.

थोड्याच दिवसांत अफवा पसरली की गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्यांना रक्त नाकारले. १९७३ मध्ये 'मॅश' या दूरचित्रवाणी मालिकेतही ती खरी म्हणून आली. गाडीतल्या सहकाऱ्याने आणि कुटुंबीयांनी ती वारंवार खोडून काढली. इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांनी १९९६ च्या 'वन ब्लड' या पुस्तकात या दंतकथेचा माग काढला. १९५० च्या डिसेंबरमध्ये त्याच परिसरात अपघात झालेल्या एका तरुण कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मोठ्या रुग्णालयाने 'कृष्णवर्णीयांसाठीची खाट रिकामी नाही' म्हणून परत पाठवले आणि तो दगावला. म्हणजे अफवेतली घटना ड्रू यांच्याबाबत खोटी, पण त्या समाजाच्या अनुभवात खरी होती. निनावी मुलाचे दुःख लोकांनी नामवंताच्या नावावर सांगितले.

ही दंतकथा समजून घ्यावी, पण सोडूनही द्यावी. तिच्यामुळे ड्रू यांचे मरण लक्षात राहते आणि काम झाकले जाते. 'जनक' या बिरुदाचेही तसेच आहे. दोन्हींत आपल्याला एक क्षण हवा असतो, शोधाचा नाहीतर हौतात्म्याचा. ड्रू यांच्या आयुष्यात तसा क्षण सापडत नाही. सापडतो तो वर्षानुवर्षांचा सराव आणि हाताखालची माणसे.

आपल्याकडे लहान महाविद्यालयांत जिमखाना हे बहुधा कोणाच्या तरी गळ्यात घातलेले जास्तीचे काम असते आणि प्रात्यक्षिकाचा तास वेळापत्रकात सर्वांत आधी कापला जातो. शिक्षकाची योग्यता मोजताना त्याचे निबंध मोजतात, त्याने घडवलेली मुले मोजत नाहीत, कारण ती मोजायला वीस वर्षे थांबावे लागते. बाल्टिमोरमधल्या त्या लहान कॉलेजात कोणी थांबले नव्हते. बावीस-चोवीस वर्षांचा एक तरुण सकाळी रसायनशास्त्र शिकवून संध्याकाळी मैदानावर उभा राहत होता, एवढेच त्यांना दिसले असेल. त्या वेळी तेवढेच काम होते आणि तो ते नीट करीत होता.